मुलांना बायोटेकला घालावं का?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘करिअर मार्गदर्शन’ हा विषय दिला होता. मी तो बदलून घेतला. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन वर्षांपासून मला एकच प्रश्न येतोय. ‘पोरीचं नीटला थोडक्यात हुकलं. लातूरला दोन वर्षं काढली. आता बायोटेकला घालू का? तू त्या कंपनीत आहेस ना?’

आहे. हैदराबादजवळ लस बनवणाऱ्या एका कंपनीत अकरा वर्षं आहे. मी जीवशास्त्राची नाही. नांदेडला इंजिनिअरिंग केलं आणि सॉफ्टवेअर लिहिते. पण ज्यांच्यासाठी लिहिते ते सगळे बायोटेक नाहीतर मायक्रोबायोलॉजी शिकलेले. दुपारचा डबा त्यांच्यासोबतच होतो. त्यामुळं त्यांना काय आवडतं आणि ते कशावर चिडतात हे रोज कानावर पडतं. कंपनीचं नाव मात्र सांगणार नाही. बोलण्यात निम्म्या तक्रारी आहेत आणि सोमवारी मला परत कामावर जायचंय.

बायोटेक हा शब्द मोठा वाटतो, पण आपल्या शेतात तो कधीचाच आलाय. अर्धापूर-मुदखेडच्या केळीत टिश्यू कल्चरची रोपं लावतात, तीही प्रयोगशाळेतच तयार होतात. काचेच्या कपाटासमोर बसून कोंबाचे बारीक तुकडे करायचे, बाटलीत ठेवायचे, पुन्हा तुकडे करायचे. हे काम बहुतेक ठिकाणी बायकाच करतात. १९६४ साली जालन्यात सुरू झालेली महिको आपल्या मराठवाड्यातलीच. बीटी कापसाला २००२ साली परवानगी मिळाली, त्यात तिचं नाव होतं. म्हणजे कंपनी लसीची असो, बियाण्याची असो की रोपांची, आत चालतं ते जिवंत वस्तू सांभाळायचं काम.

नव्या मुलींना पहिला धक्का बसतो कपडे बदलायच्या खोलीत. आपलं गाव फुलांचं. इथून फुलं हैदराबादच्या बाजारात जातात. आणि त्याच हैदराबादेत लसीच्या खोलीत जाताना केसात एक पाकळी चालत नाही. टिकली नाही, बांगड्या नाहीत, पावडर नाही, मंगळसूत्र काढून लॉकरमध्ये. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा, दोन हातमोजे, डोळ्यांवर चष्मा. माणसाच्या अंगावरून सतत बारीक कण गळत असतात आणि खोलीतली सगळ्यात घाण वस्तू म्हणजे आपणच, हे पहिल्या दिवशी शिकवतात. एकदा आत गेलं की पाणी प्यायला किंवा लघवीला बाहेर यायचं तर सगळं उतरवून पुन्हा घालायचं. म्हणून पोरी सकाळपासून पाणीच कमी पितात. ही तक्रार कुठल्या माहितीपत्रकात छापलेली नसते, म्हणून इथं सांगितली.

दुसरी तक्रार वेळेची. टाकीत वाढणाऱ्या पेशींना रविवार कळत नाही, दिवाळी कळत नाही. रात्री दोनला नमुना घ्यायचा म्हणजे दोनलाच. माझ्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्यांना घरून काम करायची मुभा मिळते, त्यांना ती कधीच नसते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सगळे घरात बसले होते, तेव्हा आमच्याकडची ही मंडळी कंपनीच्या बसनं रोज कामावर येत होती.

आणि तिसरी तक्रार, सगळ्यात मोठी, कागदांची. तापमान बघितलं की लिही, वेळ लिही, सही कर, दुसऱ्यानं ते तपासून सही करायची. ‘जे लिहिलं नाही ते घडलंच नाही’ हे वाक्य या धंद्यात जगभर चालतं. चुकीचा आकडा खोडायचा तर एकच आडवी रेघ, खालचं दिसलं पाहिजे, बाजूला कारण, सही, तारीख. मी जे सॉफ्टवेअर लिहिते ते हेच काम संगणकावर करतं. अमेरिकेच्या एफडीएनं १९९७ साली संगणकावरच्या नोंदी आणि सह्यांसाठी नियम आणले. तिथं माल विकायचा तर ते पाळावेच लागतात. मी आधी बँकेसाठी सॉफ्टवेअर करत होते. तिथं आठवड्यात होणारा बदल इथं तीन महिने घेतो. एक बटण डावीकडून उजवीकडं न्यायचं तरी चाचणी, पुरावा, पाच जणांच्या सह्या. सुरुवातीला मला वाटायचं, ही माणसं कामाला घाबरतात.

मग एका सहकारी बाईनं मला मुल्कोवालची गोष्ट सांगितली. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञानं तिथंच लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. परळच्या ज्या संस्थेला आज त्यांचं नाव आहे, ती त्याच कामातून उभी राहिली. पुढं १९०२ साली पंजाबातल्या मुल्कोवाल गावात लस घेतलेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते दगावले. सगळ्यांना एकाच बाटलीतली लस दिलेली होती. ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला, हाफकिनना कामावरून दूर केलं, आणि ते निर्दोष ठरायला १९०७ साल उजाडलं. गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला होता, असं पुढं आलं. त्या बाटलीची जागोजागची नोंद सह्यांसकट असती तर पाच वर्षं लागली नसती, असं मला वाटतं.

औषध आजारी माणसाला देतात, लस धडधाकट लेकराला. त्यामुळं चूक चालतच नाही. लस बनवण्यापेक्षा ती तपासण्यात जास्त वेळ जातो. कंपनीत तपासून झाल्यावर हिमाचलमधल्या कसौलीच्या सरकारी प्रयोगशाळेचा शेराही लागतो. गंमत अशी की, आमच्याकडच्या माणसांना विचारलं, ‘इथं काय आवडतं?’ तर ते याच कामाकडं बोट दाखवतात. सरकारी दवाखान्यात लेकराला लस टोचताना बाटलीवर आपल्या कंपनीचं नाव दिसलं, की त्या दिवशी घरी फोन करतात. बँकेच्या सॉफ्टवेअरसाठी मी कधी घरी फोन केला नव्हता.

पगाराचं मात्र गोड बोलून चालणार नाही. एमएस्सी होऊन लागलेल्या पोरीचा पहिला पगार त्याच इमारतीतल्या नव्या सॉफ्टवेअरवाल्या पोरापेक्षा बराच कमी असतो. चूक झाली तर जास्त जबाबदारी तिची, आणि पगार जास्त माझ्या खात्यातल्याचा. मला हे अन्यायाचंच वाटतं आणि मी ते वरच्यांना बोलूनही दाखवलंय. त्यात बरीच मुलं ठेकेदाराच्या हजेरीपटावर लागतात. एकाच टाकीसमोर दोघं उभे असतात, एकाला पक्की नोकरी, दुसऱ्याला अकरा महिन्यांचा कागद. नुसत्या बीएस्सीवर माणूस एका पायरीनंतर अडतो, पुढं जायचं तर एमएस्सी लागतेच.

आता तुमचा प्रश्न. ज्या पोरीला डॉक्टर व्हायचं होतं ते माणसांशी बोलायला आवडतं म्हणून, तिला बायोटेकला घालू नका. इथं पेशंट कधीच दिसत नाही. दिसतात ते आकडे, बाटल्या आणि काचेपलीकडची खोली. पण जिची वही नीट असते, जी तेच काम शंभराव्यांदाही पहिल्यासारखं करते, जिला ‘का?’ विचारल्याशिवाय चैन पडत नाही, ती इथं टिकते आणि वरही जाते. आपल्या वर्गात अशा किमान तिघी होत्या आणि तेव्हा त्यांना आपण ‘घासू’ म्हणायचो.

प्रवेश घेण्याआधी कॉलेजात जाऊन प्रयोगशाळा बघा. यंत्रावर कापड टाकलेलं असेल तर ते कधी उचललं होतं ते विचारा. आधीच्या दोन वर्षांची मुलं कुठं लागली, पक्की की ठेक्यावर, हे प्राचार्यांना नाही, त्या मुलांनाच विचारा. खर्चाचा हिशेब पाच वर्षांचा करा, तीन वर्षांचा नको.

ज्यांची लेकरं यंदा बारावीला आहेत त्यांनी जेवण झाल्यावर मागच्या वर्गात या. मी संध्याकाळच्या गाडीपर्यंत आहे. मात्र लेकरांना सोबत आणा. तुमच्याशी बोलून झालंय, आता त्यांच्याशी बोलायचंय.