उथळ समुद्रतळातील लघु कवचधारी आणि त्यांची नोंद



प्राणिशास्त्र विभागाच्या या अधिवेशनाचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, याबद्दल मी आपला मनःपूर्वक ऋणी आहे. अशा प्रसंगी शास्त्राच्या सर्व शाखांवरून दृष्टी फिरवण्याचा शिरस्ता आहे; परंतु ज्या एका विषयात माझे आयुष्य गेले त्याची कैफियत आपल्यापुढे रुजू करणे मला अधिक अगत्याचे वाटते. आपल्या किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळात, चिखलात, रेतीत आणि शेवाळांच्या बुडाशी राहणारे, बहुधा दोन ते दहा मिलिमीटर लांबीचे कवचधारी प्राणी ओळखणे, आणि पटलेली ओळख पुढच्या पिढीला तपासून पाहता येईल अशा रीतीने दाखल करून ठेवणे, हा तो विषय होय.

कोळंबी, शेवंड, चिंबोरी आणि जवळा यांना बाजार आहे, म्हणून त्यांना नावे आहेत, आणि कोळणीच्या पाटीपासून शासकीय अहवालापर्यंत त्यांची दखल घेतली जाते. त्यांच्याच कुळातील परंतु बाजारात न येणारे जे असंख्य जीव तळाशी राबतात, त्यांची ही स्थिती नाही. दोन्ही बाजूंनी चेपल्यासारख्या अंगाचे अँफिपॉड, पाठीकडून सपाट असलेले आयसोपॉड, पुढच्या पायांना चिमटे असून चिखलाच्या नळीत राहणारे टॅनाइड, आणि फुगीर छाती व बारीक शेपटी यांमुळे स्वल्पविरामाच्या आकाराचे दिसणारे क्यूमेशियन, हे यांतले मुख्य चार गण. यांपैकी एकट्या अँफिपॉडांच्याच दहा हजारांहून अधिक जाती जगात आजवर वर्णिल्या गेल्या आहेत. या चारही गणांचा एक समान धर्म असा की मादी आपली अंडी पाण्यात सोडून न देता छातीखालच्या शिशुधानीत वाढवते, आणि पिल्लू बाहेर पडते तेव्हा त्याचे रूप पुष्कळसे आईबापांसारखेच असते. कोळंबीच्या किंवा खेकड्याच्या डिंभाप्रमाणे प्रवाहाबरोबर दूरवर वाहत जाण्याची अवस्था यांच्या आयुष्यात येत नाही. त्यामुळे एका खाडीतील वस्ती दुसऱ्या खाडीतील वस्तीपासून दीर्घकाळ अलग राहू शकते, आणि आपल्या किनाऱ्याची जात ही खरोखर आपल्याच किनाऱ्याची असण्याचा संभव वाढतो.

या विद्येचा पाया आपल्या देशात लष्करी वैद्यांनी घातला, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. ‘इन्व्हेस्टिगेटर’ या सर्वेक्षण-जहाजावर सर्जन-नॅचरलिस्ट म्हणून नेमल्या गेलेल्यांपैकी जाइल्स यांनी बंगालच्या उपसागरातील अँफिपॉडांची वर्णने लिहिली. आल्कॉक यांनी 1888 ते 1892 पर्यंत त्याच जहाजावर काम करून पुढे कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये भारतीय खेकड्यांवरील आपली मोठी लेखमाला सिद्ध केली. त्या जहाजाच्या संग्रहावरील चित्रावळी मात्र चौधरी आणि मंडल या भारतीय चित्रकारांच्या हातची आहे, आणि माझ्या मते त्या चित्रांचे मोल सोबतच्या मजकुराहून तसूभरही कमी नाही. कारण पायाच्या टोकावरचा एखादा काटा शब्दांत निसटतो, तो रेषेत सापडतो. केंप यांचा स्टोमॅटोपॉड या कवचधारी गणावरील 1913 चा प्रबंध, नागप्पन नायर यांचे मद्रास किनाऱ्यावरील अँफिपॉडांवरचे 1959 चे काम, आणि आपल्या मुंबईच्या बोमन छापगर यांनी 1957 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात तत्कालीन मुंबई राज्याच्या समुद्री खेकड्यांचा घेतलेला परामर्श, ही सारी त्याच परंपरेची फळे. कोकणच्या अँफिपॉडांवर छापगरांच्या तोडीचा सचित्र ग्रंथ विद्यार्थ्याच्या मेजावर असावा, ही माझी फार दिवसांची इच्छा आहे.

कारण असा ग्रंथ हाताशी नसला म्हणजे विद्यार्थी इंग्लंड-फ्रान्सच्या किनाऱ्यांसाठी लिहिलेल्या पुस्तकाकडे वळतो. ओळख-कोष्टकाचा स्वभावच असा की त्यात शिरलेल्याला ते कोणते तरी एक नाव देऊनच बाहेर सोडते; मग प्राणी त्या पुस्तकाच्या हद्दीतला असो वा नसो. अशा रीतीने मांडवीच्या मुखाशी सापडलेला जीव इंग्लिश खाडीतील जातीच्या नावाने अहवालात चढतो, पुढचा अभ्यासक त्या अहवालाचा दाखला देतो, आणि दोन-तीन पिढ्यांत ती जात आपल्याकडील ‘सर्वत्र आढळणारी’ ठरून बसते. जहाजांच्या बुडाला चिकटून वा त्यांच्या समतोलासाठी भरलेल्या पाण्यातून काही जाती खरोखरच समुद्र ओलांडतात, हे मला मान्य आहे. परंतु ज्या प्राण्याला वाहत जाणारे डिंभच नाहीत त्याच्याविषयी असा दावा करणाऱ्याने पुरावाही तेवढाच भक्कम दिला पाहिजे.

ओळख पटवण्याचे काम किती नाजूक आहे, हे हाताळल्याशिवाय कळत नाही. तळाचा चिखल अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीवर जोराच्या धारेखाली धुतला की शृंगिका आणि मागचे पाय गळून पडतात, आणि उरलेल्या धडावरून जात सांगणे कोणाही तज्ज्ञाला अशक्य होते. अँफिपॉडांच्या अनेक वंशांत प्रौढ नराच्या पकड-पायांचा घाट हेच मुख्य लक्षण असते. माद्या आणि पिल्ले परस्परांशी इतकी मिळतीजुळती असतात की केवळ त्यांच्यावरून जातीचे नाव लिहिणे हा अविचार होय. अशा वेळी वंशनामावर थांबणारा विद्यार्थी मला जातीचे नाव घाईने लिहिणाऱ्यापेक्षा अधिक जाणता वाटतो, आणि परीक्षकांनीही त्याला तसेच मानावे. आपल्याकडे तर ऋतूंचाही विचार हवा. पावसाळ्यात नद्यांच्या पुराने खाड्यांचे पाणी गोडे होते, तळ ढवळून निघतो, आणि कित्येक वस्त्या नाहीशा होऊन पावसानंतर पुन्हा भरतात. पश्चिम किनाऱ्याच्या उथळ समुद्रात तर पावसाळ्याच्या अखेरीस तळालगतच्या पाण्यातील प्राणवायूच कमी पडतो. होडी सोयीने निघते त्या हिवाळ्याच्या महिन्यांतलेच नमुने घेऊन ‘अमुक जात येथे आढळते’ किंवा ‘आढळत नाही’ असा निवाडा देता येत नाही.

आता मुख्य मुद्दा. महसुली दप्तरात खातेदाराचे नाव असले, तरी मोक्यावर जमीनच दाखवता आली नाही तर त्या नोंदीला अर्थ उरत नाही. जातींच्या यादीचेही तसेच आहे. ज्या नमुन्यावरून नाव लिहिले तो नमुना कोणत्या संग्रहालयात, कोणत्या क्रमांकाने जमा आहे, हे यादीत नसेल तर त्या नावाची खातरजमा कोणालाही कधीही करता येणार नाही. जनुकीय परीक्षणाने ही जरूर संपलेली नाही, उलट वाढली आहे. कारण चुकीच्या नावाखाली नोंदवलेला जनुक-क्रम जगभर पसरतो, आणि तो दुरुस्त करण्याचा मार्ग अखेर मूळ नमुन्यापाशीच जातो. म्हणून काही नमुने फॉर्मालिनमध्ये, तर काही प्रारंभापासूनच अल्कोहोलमध्ये ठेवावेत; फॉर्मालिनमध्ये दीर्घकाळ राहिलेल्या शरीरातून जनुकद्रव्य धड हाती लागत नाही. स्थळ, खोली, तारीख आणि गोळा करणाराचे नाव शिसपेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी बाटलीच्या आत घालावी. बाहेर डकवलेली चिठ्ठी दमट हवेत टिकत नाही.

हा खटाटोप कशासाठी, असे विचारणाऱ्यांना मी 16 मार्च 1978 ची आठवण देतो. त्या दिवशी फ्रान्समधील ब्रिटनीच्या किनाऱ्यापाशी ‘अमोको कादिझ’ हे तेलवाहू जहाज खडकावर आदळले. मॉर्लेच्या उपसागरातील अँपेलिस्का वंशाच्या अँफिपॉडांच्या दाट वस्त्या तेलाने जवळजवळ नष्ट झाल्या, आणि त्यांना पूर्वस्थितीवर येण्यास दहा वर्षांहून अधिक काळ लागला. हे आज सांगता येते याचे कारण एकच : अपघातापूर्वी तेथील तळाचे जीव जातवार ओळखून मोजलेले होते. मुंबई, जयगड, मुरगाव येथील बंदरांत जहाजांची ये-जा अहोरात्र चालू आहे. उद्या आपल्याकडे असे काही घडले, तर काय गमावले हे सांगण्यापुरता तरी पूर्वीचा तपशील आपल्यापाशी असला पाहिजे.

यास्तव माझी या सभेला विनंती आहे. आपल्या महाविद्यालयांच्या कपाटांत प्रबंध संपल्यावर विसरलेल्या बाटल्या आहेत. त्यांतील द्रव आटण्यापूर्वी त्या चिठ्ठ्यांसह भारतीय प्राणी सर्वेक्षण किंवा दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था यांच्याशी पत्रव्यवहार करून योग्य संग्रहाच्या हवाली कराव्यात, आणि यापुढे नमुना-क्रमांकावाचून असलेली जातींची यादी कोणत्याही विद्यापीठाने प्रबंधात स्वीकारू नये, असा ठराव या अधिवेशनाने संमत करावा.