बंदराजवळचं घर आणि आपलं नाव

 

आज आपण उरणबद्दल बोलू. रायगड जिल्ह्यातलं उरण. तिथं न्हावा शेवाचं बंदर आहे, ज्याला आपली माणसं अजून ‘जेएनपीटी’ म्हणतात. आपल्या गावांतून माल तिथं जातो, द्राक्षं जातात, कांदा जातो. मालाच्या मागोमाग माणसंही जातात. कुणाचा मुलगा ट्रेलरवर आहे, कुणाचा जावई गोदामात. आणि दोन-तीन वर्षं झाली की घरी फोन येतो, “इथं एक खोली मिळतेय, स्वस्तात आहे, पैसे बघा.” मग बाईचं डोरलं गहाण पडतं, गटातून कर्ज उचललं जातं. म्हणून हा विषय तिकडचा नाही, आपल्याच घरातला आहे.

आधी थोडा इतिहास सांगते, कारण त्यात आपल्यासाठी धडा आहे. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरणकडच्या ९५ गावांची जमीन घ्यायचं ठरलं. भातशेती गेली, मिठागरं गेली. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लोक उभे राहिले. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात गोळीबार झाला, पाच शेतकरी हुतात्मे झाले. त्या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. बंदर सुरू झालं १९८९ मध्ये.

आता धडा ऐका. मोबदला आणि भूखंड कुणाला मिळाला? ज्याचं नाव सातबाऱ्यावर होतं त्याला, किंवा त्याच्या वारसांना. शेतात चिखलणी-लावणी बायांनी केली, पण कागद कष्टाचा हिशेब ठेवत नाही. कागद नाव बघतो. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढून बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावा असं सांगितलं, ते याचसाठी. आज आपण उरणला घर घेताना तीच चूक पुन्हा करायची का, एवढाच माझा प्रश्न आहे.

पण घराच्या आधी काम बघू. बंदराच्या आत क्रेनवर चालणारं काम थोड्या माणसांचं असतं. जास्त काम बाहेर, गोदामांत आणि सीएफएसमध्ये. सीएफएस म्हणजे कंटेनर उघडायची, माल तपासायची आणि पुन्हा भरायची जागा. तिथं बायांना निवडणं, पॅकिंग, लेबल लावणं, साफसफाई, कॅन्टीन अशी कामं मिळतात. काही जणी खोलीवरच डबे करून देतात. बहुतेक काम ठेकेदारामार्फत असतं.

हे काम मालावर अवलंबून असतं. आठवा, ८ डिसेंबर २०२३ ला केंद्राने कांदा निर्यात बंद केली, ती मे २०२४ मध्ये उठली. तेव्हा आपल्याकडे कांद्याचे भाव पडले. जो कांदा बंदरावर गेलाच नाही, त्याचं पॅकिंगही झालं नाही आणि वाहतूकही नाही. म्हणून ओव्हरटाइमच्या पगारावर घराचा हप्ता ठरवू नका. साध्या महिन्याच्या पगारातून जो भागेल, तोच हप्ता आपला.

कामाच्या बाबतीत तीन गोष्टी करा. पगाराची पावती मागा. पीएफ कापत असतील तर यूएएन क्रमांक घ्या आणि तो स्वतःच्या मोबाईलला जोडा. ठेकेदार बदलला तरी तो क्रमांक तोच राहतो. आणि गेटपास, हजेरी यांचे फोटो काढून ठेवा. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवरही येते. पण तुम्ही तिथं काम केलंत हे दाखवायला पुरावा लागतो.

आता राहण्याचं. आधी वर्षभर भाड्याने राहा, मगच घ्यायचं बघा. उन्हाळ्यात जागा दाखवतात तेव्हा सगळं छान असतं. पावसाळ्यात जा. तिथली पुष्कळ जमीन खाडीकाठची, भराव घातलेली आहे. मुसळधार पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की पाणी कुठवर चढतं, ते शेजारच्या बाईला विचारा. पाणी रोज येतं की दिवसाआड, हेही तिलाच विचारा. मुलांच्या शाळेच्या वाटेवर ट्रेलर किती धावतात, ते स्वतः उभं राहून बघा. भाड्याचा करार लेखी आणि नोंदणी केलेला असावा, असं महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा सांगतो, आणि ती नोंदणी करून घेणं घरमालकाचं काम आहे. डिपॉझिटचा आकडा करारात लिहिलेला हवा.

आता विकत घेण्याकडे येऊ. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला, त्याच वेळी लोकल उरणपर्यंत पोचली. ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं. तेव्हापासून एजंट म्हणतो, “ताई, आज घ्या, उद्या भाव दुप्पट.” एजंट घाई करायला लागला की आपण सावकाश व्हायचं. तुमच्यापुढे साधारण तीन प्रकारचा माल येईल.

पहिला प्रकार, गावातली खोली. स्थानिक कुटुंबांनी वाढत्या संसारासाठी बांधलेली घरं आहेत, त्यांना तिकडे ‘गरजेपोटी बांधलेली घरं’ म्हणतात. त्यांतली कित्येक सिडकोने संपादित केलेल्या जमिनीवर आहेत. ती नियमित करावीत म्हणून गावकरी कितीतरी वर्षं झगडत आहेत, आणि ती मागणी त्यांच्या हक्काची आहे. पण बाहेरून येऊन तिथली खोली नोटरीच्या कागदावर घेणं वेगळं. नोटरीने शिक्का मारला म्हणजे मालकी मिळाली असं होत नाही. मालकी मिळते दुय्यम निबंधकाकडे नोंदलेल्या खरेदीखताने. घरपट्टीची पावती किंवा लाइटबिल नावावर आलं, तेही मालकीचा पुरावा नाही. अशा खोलीत भाड्याने जरूर राहा. जन्माची पुंजी घालायच्या आधी मात्र वकील गाठा.

दुसरा प्रकार, उलवे किंवा द्रोणागिरीतला फ्लॅट. इथली जमीन सिडकोने साधारणपणे ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेली असते. म्हणून जुना फ्लॅट घेताना सिडकोची हस्तांतरणाची परवानगी आहे का ते विचारा, आणि तिचा खर्च कोण भरणार ते आधीच लिहून घ्या. इमारत नवी असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक मागा. तो मोबाईलवर महारेराच्या साइटवर टाकला की प्रकल्पाची माहिती दिसते. आपल्या गटातली कॉलेजची मुलगी दोन मिनिटांत बघून देईल. नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. जास्त मागत असेल तर तिथून उठा. तयार इमारत असेल तर भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, बघा.

तिसरा प्रकार, गुंठ्याचा प्लॉट. पनवेल, उरण, पेणच्या बाजूला “विमानतळाजवळ प्लॉट” म्हणून शेतजमिनीचे तुकडे दाखवतात. आपल्या राज्यात शेतजमीन घ्यायला घेणारा शेतकरी असावा लागतो, नाहीतर परवानगी लागते. शिवाय छोटे तुकडे करण्यावरही कायद्याची बंधनं आहेत. सातबारा ऑनलाइन काढा, डिजिटल सहीच्या उताऱ्याला १५ रुपये लागतात. त्यावर भोगवटादार वर्ग १ आहे की २ ते बघा. वर्ग २ असेल तर सरकारी परवानगीशिवाय विक्री होत नाही. ‘इतर हक्क’ या रकान्यात बँकेचा बोजा, कूळ, बहिणींची नावं असतात. तो रकाना वाचल्याशिवाय विसार देऊ नका. विसाराचे पैसे रोख न देता बँकेतून द्या.

आता सर्वात महत्त्वाचं. घरासाठी कर्ज काढताना बँक बायकोला सहकर्जदार म्हणून सही करायला बोलावते. आपण जातो, सही करतो, चहा पिऊन येतो. पण खरेदीखतात नाव फक्त नवऱ्याचं. याचा अर्थ काय होतो? हप्ता थकला तर बँक तुमच्याकडे येणार, आणि घर मात्र कागदावर तुमचं नाही. पुढे तो दारूत, भांडणात किंवा दुसऱ्या कशात घर विकायला निघाला, तर तुम्ही कोणता कागद पुढे करणार? म्हणून एक नियम करू: जिथं कर्जावर माझी सही, तिथं खरेदीखतावर माझं नाव.

नवरा किंवा सासरे “उगाच खर्च वाढेल” म्हणाले, तर हिशेब सांगा. महाराष्ट्रात राहतं घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. पंचवीस लाखांच्या घरावर २५ हजार रुपये वाचतात. ही सवलत प्लॉटला नाही, आणि नवरा-बायकोच्या जोडनावालाही नाही. पण जोडनाव लावलं तरी हरकत नाही. २५ हजारांपेक्षा नाव मोठं. शहरी भागातल्या पंतप्रधान आवास योजनेत तर गरीब कुटुंबाचं घर बाईच्या नावावर किंवा जोडनावावर असावं असंच सांगितलेलं आहे. नाव लावा म्हणणं म्हणजे नवऱ्यावर अविश्वास नाही. उद्या त्याचं काही बरंवाईट झालं, ट्रेलरवरच्या माणसाचा काय भरवसा, तर वारसनोंदीसाठी हिंडताना तुमचं नाव आधीच कागदावर असेल.

जाता जाता गटांना एक काम देते. पुढच्या बैठकीत ज्या घरातलं कुणी बंदराकडे गेलंय, तिथं काही घेतलंय किंवा घ्यायचं चाललंय, त्या बाईने कागद घेऊन यावं. सगळ्यांनी मिळून एकच बघायचं: त्यात तिचं नाव कुठे आहे? आणि गटातून घरासाठी कर्ज मागितलं, तर देण्याआधी साठेकराराची प्रत मागायची आणि तीच ओळ शोधायची. नाव नसेल तर कर्ज थांबवा, तिला बळ द्या, घरच्यांशी दोघी-तिघी जाऊन बोला. गट असतो तो याचसाठी.

काळजी घ्या. नमस्कार.