यंत्राची चूक आणि आपला हक्काचा पैसा

(मंडळाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



आजचा विषय व्याख्यानमालेला थोडा वेगळा वाटेल. एटीएम यंत्रातून पैसे आले नाहीत पण खात्यातून वजा झाले, किंवा आपण काढलेच नाहीत असे पैसे कोणी काढून नेले, तर काय करायचे, एवढाच हा विषय आहे. पण ज्या घरात एक तारखेला आलेला पगार वीस तारखेला संपतो, त्या घरात दोन हजार रुपये अडकणे ही लहान गोष्ट नाही. मुलाची फी थांबते, म्हातारीचे औषध थांबते. आणि त्याहून वाईट म्हणजे काउंटरवर ऐकावे लागते, "यंत्र चुकत नाही, तुम्हीच पैसे घेतले असतील." पैसा जातो तो जातो, वर खोटेपणाचा ठपका बसतो. आपला माणूस मान खाली घालून घरी येतो आणि पुन्हा त्या बँकेची पायरी चढत नाही. हे होऊ नये म्हणून आजचे हे बोलणे.

मित्रहो, हे यंत्र आहे तरी काय ते आधी पाहू. जगातले पहिले असे यंत्र 27 जून 1967 रोजी लंडनच्या एनफिल्ड भागात बार्कलेज बँकेने बसवले. ते ज्यांच्या कल्पनेतून आले ते जॉन शेफर्ड-बॅरन आपल्या शिलाँगला जन्मलेले. भारतात पहिले यंत्र 1987 साली मुंबईत आले. पुढे 2014 साली जनधन योजना आली आणि ज्यांनी कधी चेकबुक पाहिले नव्हते त्यांच्याही हातात कार्ड आले. कार्ड घरोघर पोहोचले, पण तक्रार कशी करायची याची माहिती त्याच्याबरोबर पोहोचली नाही.

यंत्राच्या पोटात दोन वेगळी कामे चालतात. एक काम हिशेबाचे. तुम्ही पिन आणि रक्कम दाबली की निरोप तुमच्या बँकेकडे जातो, बँक शिल्लक पाहते, खात्यातून रक्कम वजा करते आणि "पैसे द्या" असा निरोप परत पाठवते. दुसरे काम नोटांचे. पेटीतून नोटा मोजून बाहेर ढकलायच्या. आता पाहा, वजावट झाली आणि त्याच क्षणी वीज गेली, नोट अडकली किंवा लाइन तुटली, तर हिशेब एक बोलतो आणि पेटी दुसरे बोलते. यंत्र दुसऱ्या बँकेचे असेल तर निरोप आणखी लांबून, मधल्या जोडयंत्रणेतून जातो आणि चुकीची शक्यता वाढते. अशा वेळी वजा झालेली रक्कम आपोआप परत जमा व्हावी अशी सोय असते. बहुतेक वेळा ती काम करते, काही वेळा करत नाही.

पण चूक झाली की तिची खूण मागे राहते. यंत्र प्रत्येक हालचालीची नोंद ठेवते. किती वाजता, कोणते कार्ड, किती नोटा मोजल्या, किती बाहेर आल्या. नंतर पेटीतली रोकड मोजली जाते. तुमचे दोन हजार बाहेर आलेच नसतील, तर हिशेबात दोन हजार जास्त भरले पाहिजेत. म्हणून "यंत्र चुकत नाही" हे उत्तर नव्हे. नोंद आणि रोकड जुळवून पाहणे, हे उत्तर.

आता प्रत्यक्ष प्रसंगाकडे येऊ. पैसे आले नाहीत तर घाईने बाहेर पडू नका. व्यवहार रद्द झाल्याचे पडद्यावर दिसेपर्यंत थांबा. स्लिप आली तर जपून ठेवा. नाही आली तर यंत्राचा क्रमांक, ठिकाण, तारीख आणि वेळ कागदावर लिहून घ्या. हा क्रमांक बहुधा यंत्रावरच चिकटवलेला असतो. मोबाइलवर आलेला संदेश पुसू नका. नोटा बाहेर येण्याच्या फटीत पट्टी, चिकटपट्टी असे काही दिसले तर ओढाओढ करू नका; पैसे अडकवून मागाहून काढून नेणारे चोर असतात. तिथूनच बँकेला आणि पोलिसांना फोन करा. आणि "काका, मी मदत करतो" म्हणत कोणी अनोळखी माणूस जवळ आला, तर त्याच्या हाती कार्ड देऊ नका. हातचलाखीने कार्ड बदलले जाते ते अशाच वेळी.

तक्रार कोणाकडे करायची? पुष्कळ लोक ज्या बँकेचे यंत्र असते तिच्याकडे जातात आणि तिथून परत पाठवले जातात. लक्षात ठेवा, ज्या बँकेत आपले खाते आहे, जिने कार्ड दिले, तिच्याकडेच तक्रार करायची. यंत्र कोणाचेही असो, पुढचा पाठपुरावा आपल्या बँकेने करायचा आहे.

आता नियम ऐका. रिझर्व्ह बँकेने 2009 साली बँकांना सांगितले की तक्रार आल्यापासून 12 कामकाजाच्या दिवसांत पैसे परत करा, उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये द्या. 2011 साली ही मुदत 7 कामकाजाच्या दिवसांवर आणली. पुढे 20 सप्टेंबर 2019 चे परिपत्रक आले आणि 15 ऑक्टोबर 2019 पासून नियम आणखी कडक झाला. व्यवहाराच्या तारखेनंतर 5 दिवसांच्या आत रक्कम परत जमा झाली पाहिजे. हे दिवस कॅलेंडरचे. रविवार, सुट्टी धरून. त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई खातेदाराच्या खात्यात जमा करायची, आणि तीही तक्रारीची वाट न पाहता.

हिशेब करून पाहू. तुमचा व्यवहार 1 तारखेला फसला. बँकेला 6 तारखेपर्यंत वेळ आहे. पैसे 16 तारखेला जमा झाले तर 10 दिवसांचा उशीर झाला. मूळ रकमेवर आणखी 1000 रुपये तुमचे. ही मेहेरबानी नव्हे, नियमाने मिळणारी रक्कम आहे. तेव्हा पासबुक भरून घेताना दोन्ही नोंदी पाहा.

आणखी एक बारीक गोष्ट. यंत्रात रोकड नव्हती किंवा तांत्रिक बिघाड झाला म्हणून व्यवहार फसला, तर तो महिन्याच्या मोफत व्यवहारांत मोजायचा नाही, असे 2019 सालच्या ऑगस्टमध्ये बँकांना स्पष्ट सांगितले आहे. त्याचे शुल्क कापले असेल तर तेही परत मागा.

बंधू-भगिनींनो, दुसरा प्रकार यापेक्षा गंभीर आहे. कार्ड आपल्या खिशात आहे, आपण घरी आहोत, आणि कुठल्याशा शहरात पैसे काढल्याचा संदेश येतो. इथे पहिले काम कार्ड बंद करण्याचे. कार्डाच्या मागे बँकेचा फोन असतो, तो वेगळ्या वहीत लिहून ठेवा, कारण कार्डच हरवले तर क्रमांकही हरवतो. फोनवर तक्रार क्रमांक मिळतो, तो लिहून घ्या. लगेच 1930 या सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय क्रमांकावर कळवा. मग बँकेत लेखी अर्ज द्या.

याविषयी रिझर्व्ह बँकेचे 6 जुलै 2017 चे परिपत्रक आहे. चूक किंवा हलगर्जी बँकेची असेल तर ग्राहकावर काहीच बोजा नाही. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, मधल्या तिसऱ्याच कोणामुळे झाले, आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून 3 कामकाजाच्या दिवसांत कळवले, तरीही बोजा शून्य. 4 ते 7 दिवसांत कळवले तर नुकसानीचा काही भाग ग्राहकाकडे येतो. परिपत्रकात ही मर्यादा जनधनसारख्या मूलभूत बचत खात्याला 5,000 रुपये आणि इतर बचत खात्याला 10,000 रुपये घातली. त्याहून उशीर झाला तर बँकेच्या संचालक मंडळाचे धोरण लागू होते. कळवल्यापासून 10 कामकाजाच्या दिवसांत वादातली रक्कम खात्यात तात्पुरती जमा करायची आणि 90 दिवसांत निकाल लावायचा, असेही त्यात आहे. पण पिन दुसऱ्याला सांगितला असेल, तर कळवण्याच्या क्षणापर्यंतचे नुकसान आपले. कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणून एकेक तास मोलाचा आहे.

त्या परिपत्रकातले सर्वांत मोठे वाक्य मात्र वेगळेच आहे. ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचे ओझे बँकेवर टाकले आहे. या एका वाक्याचे मोल कळण्यासाठी इंग्लंडमधली एक घटना सांगतो. 1992 साली केंब्रिजशायरमधला एक पोलीस शिपाई सुट्टीवरून परतला, तर त्याच्या खात्यातून त्याने न काढलेले पैसे गेलेले. त्याने तक्रार केली. संस्था म्हणाली, आमची यंत्रणा चुकू शकत नाही, तेव्हा हाच खोटे बोलतो आहे. 1994 साली न्यायालयाने त्या तक्रारदारालाच फसवणुकीच्या प्रयत्नाबद्दल दोषी ठरवले. अपिलात केंब्रिजचे संगणकतज्ज्ञ रॉस अँडरसन बचाव पक्षाच्या बाजूने उभे राहिले. त्यांनी मागणी केली की यंत्रणा तपासू द्या. संस्थेने ती तपासू दिली नाही. तेव्हा तिचा पुरावाही ग्राह्य धरता येणार नाही, असे ठरून 1996 साली तो निर्दोष सुटला. चार वर्षे गेली. कायदा राखणाऱ्या पोलिसाची ही गत, तर अडाणी विधवेचे काय झाले असते? आज आपल्याकडे ओझे बँकेवर आहे. पण ते ओझे कोणाचे हे आपल्याला ठाऊक नसेल, तर बँक ते अलगद आपल्याच डोक्यावर ठेवते.

आता अर्ज कसा लिहायचा? लांबलचक गाऱ्हाणे नको. एवढे पुरे :

"माननीय शाखाधिकारी, माझे आपल्या शाखेत अमुक क्रमांकाचे बचत खाते आहे. अमुक तारखेला, अमुक वाजता, अमुक ठिकाणच्या अमुक क्रमांकाच्या एटीएम यंत्रातून मी 2,000 रुपये काढण्याचा प्रयत्न केला. पैसे मिळाले नाहीत, परंतु रक्कम खात्यातून वजा झाली. कृपया रक्कम परत जमा करावी व उशीर झाल्यास 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकानुसार भरपाई द्यावी. यंत्राची व्यवहार-नोंद, रोकड जुळणीचा अहवाल व त्या वेळचे कॅमेऱ्यातील चित्रण तपासावे आणि जपून ठेवावे. स्लिप व संदेशाची प्रत सोबत जोडली आहे."

कार्डाचा क्रमांक लिहावा लागला तर शेवटचे चारच आकडे लिहा. पिन कधीही, कुठेही लिहू नका. अर्जाच्या दोन प्रती करा. एका प्रतीवर सही, शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते. पोच हातात असली की साहेबही नीट बोलतात. कॅमेऱ्याचे चित्रण ठराविक मुदतच ठेवले जाते, म्हणून ती मागणी पहिल्याच अर्जात हवी. अर्ज फार तर 30 दिवसांच्या आत द्या. खरे तर दुसऱ्याच दिवशी द्या.

"व्यवहार यशस्वी" एवढे दोन शब्द लिहून बँकेने तक्रार बंद केली तर? तर कशाच्या आधारावर बंद केली ते लेखी विचारा, आणि बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जा. 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाचे दार आहे. 2021 साली 12 नोव्हेंबरला तीन जुन्या योजना एकत्र करून एकात्मिक लोकपाल योजना सुरू झाली. फी नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे. या योजनेतल्या मुदती वेळोवेळी बदलतात, म्हणून उशीर करू नका. पण आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असली पाहिजे, नाहीतर लोकपाल अर्ज घेत नाही. इथेही ती पोचच उपयोगी पडते. ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे. मात्र एकाच तक्रारीसाठी दोन्हीकडे एकाच वेळी जाता येत नाही.

एक गोष्ट घरातली सांगतो, राग मानू नका. आपल्याकडे आजीचे कार्ड नातवाकडे, बाईचे कार्ड नवऱ्याकडे, आणि पिन सगळ्या चाळीला पाठ. उद्या वाद झाला तर बँक पहिला प्रश्न हाच विचारते की पिन आणखी कोणाला माहीत होता. तेव्हा आईला, आजीला यंत्रापाशी घेऊन जा, चार वेळा शिकवा, बटणे तिलाच दाबू द्या. जमतच नसेल तर शाखेत जाऊन पावतीने पैसे काढा. आणि खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक चालू आहे ना, हे आजच तपासा. संदेशच बंद पडलेल्या क्रमांकावर गेला, तर पैसे गेल्याचे आपल्याला महिन्यांनी कळते.

शेवटी मंडळाच्या तरुणांना विनंती. तुमच्यात शिकलेली मुले-मुली आहेत. आठवड्यातून एक संध्याकाळ, एक टेबल, दोन खुर्च्या आणि कोरे कागद घेऊन मंडळाच्या खोलीत बसा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे अर्ज लिहून द्या. एका वहीत तक्रारीची तारीख, पोच आणि निकाल नोंदवा. पहिल्यांदा बँकेत जाताना सोबत जा, बोलू मात्र त्यांनाच द्या. दुसऱ्यांदा ते एकटे जातील. दोन हजार रुपये परत आले, याचा आनंद आहेच. पण "मी खरे बोललो होतो, आणि ते मी कागदावर दाखवून दिले," असे म्हणत आपली माउली बँकेतून ताठ मानेने बाहेर पडली, तर या भाषणाचे सार्थक झाले असे मी समजेन.