सगळ्यात मागचा
(१९८४ च्या एस.एस.एल.सी. बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मला ‘मोटारसायकल आणि मी’ हा विषय दिलाय. लडाखच्या गमतीजमती सांग, असं संयोजक म्हणाले. लेहचे फोटो बाहेर व्हरांड्यात लावलेत, ते जाताना जरूर बघा. मला मात्र आज जरा वेगळंच सांगायचंय. कन्नडच्या बाई पहिल्या रांगेत बसल्यात म्हणून जीभ थोडी अडखळतेय. बाई, तुमच्या विषयात मला पस्तीस मार्क पडले होते. अभ्यास झाला नव्हता म्हणून नव्हे. घरचं वातावरण तुम्हाला माहीत होतं. बाबा सीमासत्याग्रहात तुरुंगात जाऊन आलेले. ८६ साली कन्नडसक्तीविरोधी आंदोलन झालं, त्यानंतर तर बाबांनी बाजारातसुद्धा कन्नड बोलणं सोडलं. मीही सोडलं.

चाळिशीनंतर बुलेट घेतली आणि रविवारच्या फेऱ्यांना जाऊ लागलो. कधी आंबोली, कधी चोर्ला घाट. आंबोलीच्या वाटेवर शिनोळीला हद्द ओलांडली की दुकानांच्या पाट्या मराठी होतात आणि मला उगाच मोकळं वाटायचं. आमच्या ग्रुपला असलं काही नव्हतं. धारवाडचे एक डॉक्टर, म्हापशाचा एक हॉटेलवाला, कॅम्पातले निवृत्त सुभेदार, मूळचे हरियाणाचे, आणि हुबळीचा एक ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचा व्यापारी. तो माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा. सगळे त्याला अण्णा म्हणायचे. मी काहीच म्हणायचो नाही.

रांगेत गाडी चालवण्याचे काही नियम असतात. पुढच्याच्या बरोब्बर मागे राहायचं नाही, एक डावीकडे तर दुसरा उजवीकडे, म्हणजे ब्रेक लावायला जागा उरते. खड्डा असला की त्या बाजूचा पाय बाहेर काढून दाखवायचा. पेट्रोल संपत आलं की टाकीवर बोट. वळणावर मागचा दिसेपर्यंत थांबायचं. हेल्मेटमध्ये कुणाची भाषा कुणाला ऐकू येत नाही, सगळा कारभार हातापायांचा. आणि सगळ्यात मागे जो असतो, त्याला आम्ही शेपूट म्हणतो, त्याने कुणालाही ओलांडायचं नाही. पुढचा थांबला की शेपूट थांबलं पाहिजे. सुभेदार हे काम भरवशाच्या माणसाला द्यायचे.

२०१५ च्या जुलैत आम्ही नऊजण मनालीहून लेहला निघालो. गाड्यांच्या टाक्या रिकाम्या करून, पोत्यांत गुंडाळून गोवा एक्सप्रेसने दिल्लीला पाठवल्या होत्या. तेव्हा अटल बोगदा नव्हता, रोहतांग चढूनच जावं लागे. तांदीला शेवटचा पंप. पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर, अशी पाटीच आहे तिथे. म्हणून प्रत्येकाच्या मागे पेट्रोलचे कॅन बांधलेले.

तिसऱ्या रात्री सरचूला तंबूत होतो. उंची जवळजवळ ४,३०० मीटर, झोप कुणालाच नाही. आदल्याच वर्षी आपल्या गावाचं नाव सरकारी कागदावर बेळगावी झालं होतं. अण्णा सहज ‘बेळगावी’ म्हणाला आणि मी उसळलो. मग त्यानेही सोडलं नाही. तो कन्नड, मी मराठी, आणि भांडलो हिंदीत! गंमत म्हणजे सरचूलाच तेव्हा हिमाचल आणि जम्मू-काश्मीरची हद्द होती, आणि तिथेही दोन राज्यांचा हद्दीवरून वाद होता. सुभेदार शेवटी ओरडले, तेव्हा गप्प झालो.

सकाळी शेपूट मी होतो आणि माझ्या पुढे अण्णा. सरचू सोडल्यावर गाटा लूप्स लागतात. एकवीस वळणं, एकावर एक. मधल्या एका वळणावर त्याने गाडी कडेला घेतली आणि हात वर केला. मी पाहिलं. आणि मी त्याला ओलांडून पुढे गेलो.

फोटो काढायला थांबला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. ते खोटं होतं. फोटो काढणारा हात वर करत नाही.

वर सगळे थांबले होते. शेपूट आलं म्हणजे सगळे आले, असं धरून त्यांनी गाड्या सुरू केल्या. मला तोंड उघडावं लागलं. सुभेदारांनी एवढंच विचारलं, “छोड़ के आए?”

मी परत फिरलो, डॉक्टर माझ्या मागे. अण्णा दगडावर बसला होता, उलट्या चालू, डोकं दोन्ही हातांत धरलेलं. “तली नोवु,” म्हणाला. डॉक्टरांनी बघितलं आणि सांगितलं, आत्ताच्या आत्ता खाली. त्याला माझ्या मागे बसवून सामानाच्या दोरीने माझ्या कमरेशी बांधलं. त्याची हनुवटी माझ्या खांद्यावर आदळत होती आणि दर वळणावर तो पुटपुटत होता, “निधान होगरी, अण्णा, निधान होगरी.” सावकाश जा, म्हणत होता. मला अण्णा म्हणत होता.

सरचूची गोम अशी की तिथून खाली जायचं तरी आधी बारालाचाची खिंड चढावी लागते, आणि ती सरचूहून सहाशे मीटर उंच. लष्करी छावणीत त्याला ऑक्सिजन दिला, रात्र काढली, उतार पडल्यावर जीपने केलाँगला नेलं. मी जीपच्या मागून. बाकीचे लेहला गेले. व्हरांड्यातल्या फोटोंत मी का नाही, ते आता कळलं असेल.

केलाँगला एका खोलीत आम्ही दोघे सहा दिवस होतो. दुसऱ्या दिवशी मी त्याला सांगितलं की मी हात पाहिला होता. “ठाऊक आहे,” तो मोडक्या मराठीत म्हणाला, “तुम्ही मान वळवलीत.” मग बराच वेळ कूस बदलून पडून राहिला. संध्याकाळी उठून त्याने ८६ सालचं सांगितलं. तोही तेव्हा कॉलेजात होता, आमच्या विरुद्धच्या मोर्चात घोषणा देत होता. मी माझं सांगितलं, बाबांचं सांगितलं. त्याने मला माफ केलं की नाही, हे मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. निघताना माझ्या गाडीची सैल झालेली चेन मात्र त्याने स्वतः ताणून दिली.

त्या दिवाळीत तो घरी आला. बाबा तेव्हा ब्याऐंशी वर्षांचे. मी धास्तावलो होतो. हुबळीचा म्हटल्यावर बाबांनी त्याला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, “बर्री, कूडरी.” या, बसा. एकोणतीस वर्षांनी! पुढचा तासभर दोघे कन्नडमध्ये कापसाच्या भावावर बोलत होते, आई दारात उभी राहून ऐकत होती, आणि मला निम्मंच कळत होतं. त्या क्षणी ते पस्तीस मार्क मला फार बोचले, बाई.

सीमाप्रश्नावर आमचं आजही पटत नाही. महाराष्ट्राने २००४ मध्ये घातलेला दावा सर्वोच्च न्यायालयात पडून आहे, आणि त्याचा निकाल कुठे लागावा यावर अण्णाचं नि माझं अजून वाजतं. तो बेळगावी म्हणतो, मी बेळगाव. पण हल्ली भांडण चालू असताना कुणीतरी चहा सांगतो.

उद्या सकाळी सहाला शाळेच्या फाटकातून आंबोलीला निघतोय. स्कूटर, लूना, काहीही चालेल, सगळ्यात हळू गाडीच्या वेगाने जायचं ठरलंय. अण्णा आज रात्रीच हुबळीहून पोचतोय. शेपूट तो असेल. ज्यांची गाडी जुनी आहे त्यांनी बिनधास्त यावं, आणि बाई, तुम्ही यायचं म्हणत असाल तर माझ्या मागची सीट रिकामी आहे.