अवधानाची उणीव : ओळख आणि समुपदेशन



चंचल मुलांसाठी आपल्या भाषेत शब्दांची वाण नाही. द्वाड, व्रात्य, उनाड, धांदरट, वेंधळा असा एखादा शब्द उच्चारला, की मुलाचा निकाल लावून आपण मोकळे होतो. मी व्यवसायाने भाषांतरकार आहे, वैद्य नव्हे. परंतु बालमानसशास्त्रावरील लेखन मराठीत आणताना मला जाणवले, की हे सारे शब्द मुलाला दोष देतात. त्याची अडचण कोणती, हे त्यांपैकी एकही सांगत नाही. ती अडचण कशी ओळखावी आणि समुपदेशनाने काय साधते, एवढेच आज मी मांडणार आहे.

शाळेत माझ्या वर्गात एक मुलगा होता. गणित तोंडी विचारले तर सर्वांआधी उत्तर देई. वहीत मात्र निम्मेच उदाहरण उतरलेले असे. बाकावरून आपण केव्हा उठलो, हे त्याचे त्यालाच कळत नसे. शिक्षा म्हणून तो कितीदा अंगठे धरून उभा राहिला असेल, याची गणती नाही. ‘लक्ष दे’ हे शब्द त्याने रोज ऐकले. लक्ष कसे द्यावे, हे मात्र त्याला कोणी शिकवले नाही. आठवीनंतर त्याने शाळा सोडली. त्याला हा विकार होता की नाही, हे आज मी सांगू शकत नाही; कारण त्या वेळी कोणी तसे पाहिलेच नाही.

अशा मुलांकडे वैद्यकाचे लक्ष पूर्वीच गेले होते. १९०२ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये दिलेल्या व्याख्यानांत जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने, बुद्धी शाबूत असूनही स्वतःला आवरू न शकणाऱ्या मुलांचे वर्णन केले. परंतु त्यानेही या स्थितीला नैतिक नियंत्रणातील दोष मानले. म्हणजे नावातच ठपका होता. १९८० मध्ये अमेरिकन मनोविकार संघटनेच्या वर्गीकरणात अवधानाची उणीव हा मुख्य मुद्दा ठरला आणि १९८७ मध्ये एडीएचडी हे नाव आले. मराठीत आपण त्याला अवधान-न्यूनता व अतिचंचलता म्हणू.

याची लक्षणे दोन गटांत मोडतात. पहिला गट अवधानाचा : हातातले काम अर्धवट सोडणे, वस्तू हरवणे, समोरच्याचे बोलणे ऐकलेच नाही असे वाटणे. दुसरा गट अतिचंचलतेचा व उतावीळपणाचा : सतत चुळबुळ, आपली पाळी येईपर्यंत दम न निघणे, प्रश्न पुरा होण्याआधी उत्तर देणे. काही मुलांत पहिलाच गट ठळक असतो. अशी मुले, विशेषतः मुली, कोणाला त्रास न देता खिडकीबाहेर पाहत बसतात आणि म्हणूनच नजरेतून सुटतात.

आता कोणी म्हणेल, ही लक्षणे तर प्रत्येक मुलात दिसतात. ते खरेच आहे. म्हणून तज्ज्ञ काही कसोट्या लावतात. लक्षणे किमान सहा महिने टिकलेली असावीत; वयाच्या बाराव्या वर्षाआधी त्यांतील काही दिसलेली असावीत; ती घर, शाळा अशा किमान दोन ठिकाणी आढळावीत; आणि त्यांमुळे अभ्यासात किंवा नातेसंबंधांत खरोखर अडथळा येत असावा. याचे निदान रक्ताच्या तपासणीने होत नाही. मुलाला नीट ऐकू येते का, दिसते का, झोप पुरते का, घरात काही ताण आहे का, हेही पाहावे लागते. म्हणून निदान मनोविकारतज्ज्ञाने किंवा जाणकार बालरोगतज्ज्ञाने करावे. शेजाऱ्याने किंवा शिक्षकाने करू नये, आणि माझ्यासारख्या वक्त्याने तर नाहीच.

यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. आईच्या लाडामुळे किंवा वडिलांच्या धाकाअभावी हा विकार होत नाही. समुपदेशनात बहुधा हीच गोष्ट प्रथम सांगावी लागते, आणि ती ऐकून कित्येक आईवडिलांच्या मनावरचे ओझे उतरते. त्यानंतरचे काम अगदी साधे, परंतु चिकाटीचे असते. ‘आंघोळ कर, दप्तर भर, दूध पी आणि नीघ’ अशा चार सूचना एका दमात न देता एकच द्यावी. ती पाळली की तेव्हाच शाबासकी द्यावी. संध्याकाळी मिळालेल्या शाबासकीचा सकाळच्या कामाशी असलेला संबंध या मुलांच्या मनात टिकत नाही. गृहपाठाचे लहान तुकडे पाडावेत. शिक्षकांनी अशा मुलाला पुढच्या बाकावर बसवावे आणि वह्या गोळा करणे, फळा पुसणे अशी कामे द्यावीत, म्हणजे त्याला उठण्याची रीतसर संधी मिळते. सहा वर्षांखालील मुलांबाबत पालकांना असे प्रशिक्षण देणे हाच पहिला उपाय मानतात. मोठ्या मुलांना आणि प्रौढांना वेळेचे नियोजन व उतावीळपणा आवरण्याच्या युक्त्या शिकवता येतात.

तथापि समुपदेशन म्हणजे रामबाण उपाय नव्हे. अमेरिकेत ५७९ मुलांवर चौदा महिने चाललेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. मूळ लक्षणांवर, काळजीपूर्वक दिलेले औषध हे केवळ वर्तनोपचारांपेक्षा अधिक प्रभावी ठरले. परंतु दोहोंची जोड दिल्यावर औषधाची मात्रा कमी लागली. म्हणून डॉक्टरांनी औषध सुचविल्यास घाबरू नये, आणि औषध सुरू झाले म्हणून समुपदेशन सोडू नये.

आपल्या देशात बालमार्गदर्शनाचे काम नवे नाही; मुंबईत असे केंद्र १९३७ मध्येच सुरू झाले होते. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर केंद्र शासनाची टेली-मानस ही सेवाही उपलब्ध आहे. कोठे जावे हे न कळणाऱ्या पालकांना तेथे विचारता येते.

माझा तो वर्गमित्र शाळेत टिकला असता की नाही, कोण सांगणार? परंतु शिक्षेऐवजी एखाद्याने त्याला, ‘तुला नेमके कोठे अडते?’ असे विचारायला हवे होते. उद्या वर्गात किंवा घरात असे मूल समोर आले, तर तेवढे आपण अवश्य विचारावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेते.