मूल जेवणाला भिते तेव्हा



मूल जेवत नाही, ही घरोघरची तक्रार आहे. बहुतेक घरांत ती चार दिवसांत मिटते. काही घरांत मात्र मिटत नाही. घास अडकून एकदा गुदमरलेले, किंवा वर्गात उलटी होऊन ओशाळलेले मूल त्या दिवसापासून अन्नालाच भिऊ लागते. आधी पोळी-भाकरी सुटते, मग भात सुटतो. अखेर दूध, पेज आणि एखादे ठरावीक बिस्कीट एवढ्यावर दिवस निघतो. शाळेचा डबा जसाच्या तसा परत येतो.

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या पट्ट्यातील कित्येक आईवडील सकाळची लोकल गाठतात व रात्री परततात. मुलाने दिवसभरात काय खाल्ले, हे आजी किंवा शेजारीण सांगेल तेवढेच त्यांना कळते. वजन घटल्याचे ध्यानात येईपर्यंत आठवडे उलटतात. मग दृष्ट काढली जाते, जंतांचे औषध होते, टॉनिकच्या बाटल्या येतात. आणि कशानेच गुण आला नाही, की धाकदपटशा सुरू होतो.

हट्ट नव्हे, भीती

धाकाने येथे अपायच होतो. भयाने घसा आवळतो, पोटात गोळा येतो व भूक मरते. ताट बाजूला सारताच मुलाला क्षणभर सुटल्यासारखे वाटते, आणि ती सुटकाच सवय पक्की करते. बळजबरीने भरवलेला प्रत्येक घास भीतीला नवा पुरावा देतो. बारीक होण्याच्या ध्यासाने उपाशी राहणाऱ्या मुलांपेक्षा ही अवस्था वेगळी आहे. अन्न टाळण्याचा हा स्वतंत्र विकार अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात २०१३ मध्ये नोंदला गेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीतही त्याला स्थान मिळाले.

प्रथम शरीराची तपासणी

तथापि, सारे मनाचेच आहे असे घरच्या घरी ठरवू नये. सुजलेले टॉन्सिल, आम्लपित्त, बद्धकोष्ठ, रक्तक्षय, क्षयरोग यांनीही अन्न नकोसे होते. यास्तव पहिली पायरी बालरोगतज्ज्ञांची. उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय, अंबरनाथचे छाया रुग्णालय व बदलापूरचे ग्रामीण रुग्णालय ही जवळची सार्वजनिक रुग्णालये होत. जाताना वजनाच्या जुन्या नोंदी आणि आठवडाभराच्या खाण्याची वही सोबत असावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून अंगणवाड्यांतील तसेच शासकीय व अनुदानित शाळांतील मुलांची तपासणी करतात. त्यांच्या कानावरही ही गोष्ट घालावी. मूल पाणीही घेईनासे झाले, लघवी फार कमी झाली, भोवळ किंवा ग्लानी आली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

उपचाराची पायऱ्यांची वाट

शरीरात दोष न आढळल्यास, किंवा दोष बरा होऊनही भीती उरल्यास, मानसोपचारतज्ज्ञ अथवा मानसशास्त्रज्ञ यांची मदत घ्यावी. ते मुलाशी बोलून भीतीची उतरंड मांडतात. आज पदार्थ केवळ ताटात ठेवायचा, नंतर त्याचा वास घ्यायचा, मग तो जिभेला लावायचा, मग कणभर चावायचा. प्रत्येक पायरीवर भीती ओसरू द्यायची आणि मगच पुढे जायचे. औषधांची गरज सर्वांनाच पडत नाही.

घरानेही आपला वाटा उचलावा. काय वाढायचे, केव्हा व कोठे, हे वडीलधाऱ्यांनी ठरवावे. किती खायचे, हे मुलावर सोपवावे, असा नियम एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी घालून दिला आहे. जेवणाच्या वेळा ठरलेल्या असाव्यात आणि निदान एका वेळी सर्वांनी एकत्र बसावे. ताटावर रागावणे, भावंडांशी तुलना करणे, लालूच दाखवणे टाळावे. शिक्षकांनाही कल्पना द्यावी. डबा संपला नाही म्हणून वर्गात बोल लावला गेला, तर आठवड्याची मेहनत वाया जाते.

कोठे जावे?

‘ठाण्याला न्यावे लागेल’ हे आपल्याकडे थट्टेने बोलले जाते, आणि त्या थट्टेपायी अनेक पालक मानसोपचाराचे नावही काढत नाहीत. वस्तुतः ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासूनचे शासकीय उपचारकेंद्र आहे. मुंबईत मुलांसाठी बालमार्गदर्शन केंद्राचे कार्य १९३७ मध्येच सुरू झाले. परळची के.ई.एम. व वाडिया बाल रुग्णालये आणि शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय मध्य रेल्वेच्याच मार्गावर आहेत. प्रवासापूर्वी सल्ला हवा असल्यास, ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र विनाशुल्क उपलब्ध असून तेथे मराठीत बोलता येते. मे २०१८ पासून अमलात असलेल्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने मनाच्या आजाराला शरीराच्या आजाराच्या बरोबरीने वागवण्याचे बंधन घातले आहे. तेव्हा हे उपचार मागण्यात संकोच कसला?

या उपचाराला महिने लागतात आणि मधूनमधून मूल दोन पायऱ्या मागेही येते. अशा वेळी पालकांनी धीर सोडू नये. ज्या दिवशी ते कोणी न सांगता भाताचा एक घास आपल्या हाताने तोंडात घालील, त्या दिवशी त्याने केवढी मोठी भीती ओलांडली, हे घरातील सर्वांनी ओळखावे.