अन्न हाही उपचारच

घशाच्या कर्करोगावरील किरणोपचार आठवड्यातून पाच दिवस, असे साधारणतः ६-७ आठवडे चालतात. रोगपेशींना मारणारे हे किरण घशातील नाजूक अस्तरालाही इजा करतात. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून लाळ आटते, चव जाते आणि पाण्याचा घोटही टोचू लागतो. घरची माणसे आग्रह करतात, रुग्ण ताट दूर सारतो, आणि दोघेही खिन्न होतात. वस्तुतः हा हट्ट नव्हे. ती वेदना आहे.

तिच्यावर उपाय आहेत. डॉक्टरांनी दिलेले वेदनाशामक औषध जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यावे. कोमट पाण्यात मीठ व खाण्याचा सोडा घालून वरचेवर चुळा भराव्यात. तिखट, आंबट, कढत पदार्थ टाळून गुरगुट्या भात, मुगाचे कढण, नाचणीची खीर थोडी थोडी, दिवसातून सहा वेळा द्यावी. तंबाखू तर सर्वथा वर्ज्य. वजन घटू लागले, ठसका लागू लागला, तर डॉक्टरांना त्वरित सांगावे. प्रसंगी नाकातून नळी घालून अन्न देतात. तीत पराभव नाही. घातक आहे ते उपचार अर्ध्यावर सोडणे, कारण त्या खंडात रोगपेशींना पुन्हा वाढण्यास अवसर मिळतो. उपचार संपल्यावर काही आठवड्यांत घसा भरून येऊ लागतो. तोवर रुग्णाचे बळ टिकवणे, हे घरच्या स्वयंपाकघराचे काम.